पिकल्या पानांची भूक

चिमूर हे नाव महाराष्ट्राच्या मनावर कोरले गेले ते १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी जागा झालेला चांदा जिल्ह्यातील हा गाव त्या दिवशी इंग्रजी सत्तेविरुद्ध उठला आणि काही दिवस स्वतंत्र राहिला. मग फौज आली. पुरुषांची धरपकड झाली आणि मागे राहिलेल्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांची आठवण आजही अंगावर शहारे आणते. या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भणसाळी यांनी अन्नत्याग केला. ते उपोषण ६३ दिवस चालले आणि १९४३ च्या जानेवारीत सुटले. चिमूरच्या मायबहिणींसाठी एक माणूस ६३ दिवस उपाशी राहिला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगितलीच पाहिजे.

त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून गेली असेल. तिच्या लेकीबाळी, सुनाही आता साठी-सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी किती जणी आज दोन वेळा पोटभर आणि पौष्टिक जेवतात? चिमूरच्या स्त्रीसाठी कुणी तरी उपाशी राहिले, हे आपल्याला पाठ आहे. चिमूरची वृद्ध स्त्री स्वतः अर्धपोटी राहते काय, हे मात्र आपण कधी विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

तराजू कोणासाठी?

भिसी, नेरी, शंकरपूर, खडसंगी या परिसरातील कोणत्याही खेड्यात सकाळी नऊच्या सुमारास जावे. अंगणवाडी भरलेली असते. ताई बालकांना काट्यावर उभे करते, नोंदवहीत वजन लिहिते. वजन घटले तर आईला बोलावून सांगते, आवश्यक तर आरोग्य केंद्रात पाठविते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात उणिवा असतील, पण पन्नास वर्षांत तिने एक गोष्ट समाजाच्या अंगवळणी पाडली : बालकाचे वजन ही गावाची काळजी आहे.

त्याच अंगणवाडीच्या समोरील घराच्या ओसरीवर नातवाला पोहोचवून परतलेली आजी बसलेली असते. लुगड्याच्या पदराखाली खांद्याची हाडे दिसतात. पिंढऱ्या वाळलेल्या काठीसारख्या. दोन वर्षांपूर्वी बसणारी बांगडी आता कोपरापर्यंत सरकते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, ''भूकच लागत नाही बापा, आन् आता खाऊन तरी काय करू?'' ऐकणारा हसतो, 'म्हातारपण' म्हणतो आणि पुढे जातो. तिला काट्यावर उभे करावे, असे कोणाच्याही मनात येत नाही.

कुपोषण हा शब्द आपल्याकडे बालकांशी जणू बांधला गेला आहे. तो तसा बांधला जाणे स्वाभाविकही होते. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तिची दखल जगाने घेतली. २००१ साली महाराष्ट्रातील बालमृत्यूंवर जो अहवाल आला, त्याचे नावच 'कोवळी पानगळ' असे होते. कोवळे पान गळते तेव्हा मन हळहळते. पिकले पान मात्र गळायचेच, अशी आपल्या भाषेचीच समजूत आहे. या एका समजुतीने वृद्धांच्या भुकेवर जेवढा पडदा टाकला आहे, तेवढा दुसऱ्या कशानेही टाकलेला नाही.

पिकले पान गळणार, हे खरे. परंतु ते पिकून गळावे, वाळून गळू नये. म्हातारपण हा निसर्गक्रम आहे. उपासमार हा निसर्गक्रम नव्हे.

केंद्र सरकारने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी करविली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के व्यक्तींचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले, म्हणजे दर चौघांत एकाहून अधिक. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीवरील लोकसंख्या दहा कोटींहून अधिक होती आणि ती तेव्हापासून वाढतेच आहे. या दोन आकड्यांचा मेळ घातला की प्रश्न केवढा मोठा आहे हे कळते. एवढ्या संख्येने बालके असती, तर विधिमंडळात किती अधिवेशने गाजली असती!

तांदळाचा हिशेब

'आता तर रेशनचे धान्य फुकट मिळते, मग उपाशी कोण राहतो?' हा प्रश्न शहरी बैठकांतून हटकून विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. २०२३ पासून ते पूर्णतः विनामूल्य आहे. ही व्यवस्था नसती तर पूर्व विदर्भातील कित्येक चुली पेटल्या नसत्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. तांदळाच्या रूपात त्यातून सहाशेच्या आत उष्मांक आणि बारा-तेरा ग्रॅम प्रथिने मिळतात. ४५ किलो वजनाच्या वृद्ध व्यक्तीला दिवसाला किमान ४५ ग्रॅम प्रथिने हवीत. आजारातून उठत असेल तर त्याहून अधिक. म्हणजे गरजेच्या एक चतुर्थांशाच्या आसपास प्रथिने रेशनच्या तांदळातून येतात. उरलेली तीन चतुर्थांश कोठून यायची?

ती डाळीतून, दुधातून, शेंगदाण्यातून, अंड्यातून किंवा माशातून यावी लागतात. दिवसाला ५० ग्रॅम डाळ दिली तर अकरा-बारा ग्रॅम, एक पेला दूध दिले तर सहा-सात ग्रॅम, मूठभर शेंगदाणे दिले तर सात ग्रॅम, एक अंडे दिले तर सहा ग्रॅम. यांतील कोणतीही वस्तू राजेशाही नाही. पण ज्या घरात डाळ आठवड्यातून दोनदा शिजते आणि तीही पातळ, त्या घरात वृद्धाच्या पानात भात आणि डाळीचे वरचे पाणीच पडते. पोट भरते, शरीर मात्र भुकेलेच राहते. अशा वेळी ते स्वतःचेच स्नायू जाळून दिवस काढते. पिंढऱ्या वाळतात, पकड सैल होते, उठताना हाताचा आधार लागतो. मग एके दिवशी न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि माणूस अंथरुणाला खिळतो. गाव म्हणते, 'पडल्यामुळे गेली.' प्रत्यक्षात पडण्याच्या वर्षभर आधीपासून ती ताटात हरत होती.

झाडीतले ताट कसे रिकामे झाले?

झाडीपट्टीतील म्हातारा मनुष्य पूर्वी अधिक श्रीमंत नव्हता. त्याचे ताट मात्र आजच्याइतके एकसुरी नव्हते. भात कापण्याआधी उभ्या पिकातच जमिनीच्या ओलीवर उतेऱ्यात लाखोळी, जवस, उडीद पेरले जात. एकट्या लाखोळीवर महिनोन्महिने गुजराण केली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो, हे खरे; पण मिश्र कडधान्ये ताटात होती. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, बांबूचे वास्ते, रानातील सात्या, उन्हाळ्यात मोहफुले, चारोळी, टेंभरे यांनी ताटाला रंग येई. माजी मालगुजारी तलावांनी, ज्यांना आज सारे 'मामा तलाव' म्हणतात, भाताला पाणी दिले आणि गरिबाच्या ताटात मासळी घातली. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील हे तलाव गोंड राजवटीचे आणि कोहळी समाजाच्या जलकौशल्याचे देणे. मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले, आणि 'सर्वांचे ते कोणाचेच नाही' या न्यायाने कित्येक तलाव गाळाने भरले.

रानाचे दारही वृद्धांसाठी मिटत चालले आहे. ताडोबाच्या परिघातील ब्रह्मपुरी, सिंदेवाही, चिमूर या पट्ट्यात मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. वाघ वाढले ही आनंदाची गोष्ट आहे. पण पळता न येणाऱ्या वृद्धेला आता रानात जाऊ देत नाहीत आणि तिने जाऊही नये. तिच्या हातांनी जी भाजी घरात येत असे, ती येणे थांबले. त्या भाजीचे मोल कोणत्याही नुकसानभरपाईच्या तक्त्यात लिहिलेले नसते.

तिसरे कारण घराच्या आतले आहे. तरुण मुले नागपूर-पुण्याला कामाला गेली. कित्येक जोडपी मिरची तोडण्याच्या हंगामात तेलंगणाची वाट धरतात. मागे राहतात आजी-आजोबा आणि शाळकरी नातवंडे. आजी चूल पेटविते, प्रथम नातवंडांना वाढते, मग म्हाताऱ्याला, आणि उरले तर स्वतःला. बालकांच्या वजनाची नोंद सुधारली की आपण समाधान मानतो. ते वजन कोणाच्या ताटातून वळविले गेले, हे नोंदवहीत दिसत नाही.

आणि कारणे याहूनही साधी आहेत. दात पडले, कवळी नाही, म्हणून भाकरी चावत नाही. मोतीबिंदूमुळे चूल नीट दिसत नाही. वयाबरोबर चव आणि वास मंदावतात. सोबती गेल्यावर एकट्याने जेवण गळ्याखाली उतरत नाही. रात्री बाहेर जावे लागेल या भीतीने संध्याकाळी पाणीसुद्धा बेताने प्यायले जाते. त्यात खर्रा! विदर्भाच्या गावागावांत सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे हे मिश्रण भूक मारते, तोंड आतून आवळून टाकते. बोटभर तोंड उघडणाऱ्याने घास कसा घ्यावा? गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' उपक्रमाने दारू आणि तंबाखूविरुद्ध गावे संघटित केली. त्या कामाकडे पोषणाचे काम म्हणूनही पाहिले पाहिजे.

'वय झाले' हे निदान नव्हे

वृद्धाचे वजन उतरू लागले की घरचे म्हणतात, वय झाले. वैद्यकशास्त्र तसे म्हणत नाही. सहा महिन्यांत आपोआप पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले, म्हणजे पन्नास किलोचा माणूस साडेसत्तेचाळीसच्या खाली आला, तर ते वयाचे लक्षण न मानता कारण शोधावे असा संकेत आहे. कारण क्षयरोग असू शकते, मधुमेह असू शकते, गिळण्याचा त्रास, अन्नावरची वासना उडविणारे एखादे औषध किंवा मनाची उदासी असू शकते. यांतील बहुतेक कारणांवर उपाय आहेत. क्षयाचे आणि कुपोषणाचे नाते तर दुहेरी आहे. कुपोषित शरीरात क्षय बळावतो आणि क्षय शरीर पोखरतो. म्हणूनच झारखंडात क्षयरुग्णांच्या कुटुंबांना पोषक आहार देऊन केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरातील इतरांना होणारा क्षय लक्षणीयरीत्या घटलेला दिसला. ज्या घरात खोकणारे आजोबा आणि रांगणारा नातू एकाच खोलीत झोपतात, तेथे आजोबांच्या ताटातील डाळ नातवाचेही रक्षण करते.

हे ओळखण्यास मोठी यंत्रे लागत नाहीत. वृद्धांच्या पोषणस्थितीची एक छोटी प्रश्नावली जगभर १९९० च्या दशकापासून वापरात आहे. तिच्या संक्षिप्त रूपात सहाच प्रश्न आहेत. गेल्या तीन महिन्यांत जेवण कमी झाले काय? वजन उतरले काय? चालता-फिरता येते की अंथरूण धरले आहे? एवढ्यात मोठे आजारपण वा मोठा मानसिक आघात झाला काय? विस्मरण किंवा उदासी आहे काय? आणि उंचीच्या मानाने वजन किती? चौदांपैकी बारा वा अधिक गुण मिळाले तर ठीक, आठ ते अकरा असतील तर धोका, सात वा त्याहून कमी असतील तर कुपोषण.

पाठीला बाक आलेल्या माणसाची उंची नीट मोजता येत नाही. त्याच्यासाठी पिंढरीचा घेर मोजण्याची सोय आहे. शिंप्याची फीत घ्यावी, पिंढरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर सावध व्हावे, असा संकेत आहे. हा आकडा परदेशी देहयष्टीवरून ठरलेला असल्याने आपल्याकडील लहान चणीच्या माणसांना तो थोडा कठोर पडू शकतो. म्हणून एका मापावर निर्णय न देता दर तीन महिन्यांनी तेच माप घ्यावे आणि ते घटते आहे काय हे पाहावे. आठवी शिकलेली मुलगी हे काम करू शकते.

आपल्या घरातही पाहावे

हे सारे वाचून शहरातील वाचकाला वाटेल की हा प्रश्न दूरच्या झाडीतला आहे. तसे मानण्याचे कारण नाही. पुण्याच्या कोथरूडात किंवा नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या आजी-आजोबांच्या दिवसाकडे एकदा नीट पाहावे. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे. दुपारी पोळीचा मऊ पदर आणि थोडी भाजी. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री 'काही जड नको' म्हणून दूध-पोहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी असे महिन्याचे दहा-बारा दिवस साबुदाण्याचे, ज्यात प्रथिने नावालाच असतात. मधुमेहाच्या भीतीने फळ बंद, कोलेस्टेरॉलच्या भीतीने तूप-दाणे बंद, वातूळ म्हणून डाळ बंद. घरात शीतकपाट भरलेले असते, मुले अमेरिकेतून पैसे पाठवितात, आणि आई-वडील वर्षाला दोन-तीन किलोंनी वाळत असतात. पोट सुटलेले दिसते म्हणून कोणाला शंकाही येत नाही. पण पोटाचा घेर टिकून राहतो आणि हातापायांचे स्नायू विरतात, असेही होते.

उपवास करू नये असे कोणी म्हणत नाही. आपल्या शास्त्रकारांनीही वृद्ध, बालक आणि रोगी यांना व्रतात सवलत दिलेली आहे. ती सवलत सांगण्याचे काम घरातील कर्त्यांनी करावयाचे असते. ज्यांचे मूत्रपिंड अशक्त आहे त्यांनी प्रथिनांचे प्रमाण वैद्यांना विचारूनच ठरवावे; इतरांच्या ताटात मात्र दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण वा उसळ, ताक वा दूध आणि चावता येईल असे शेंगदाण्याचे कूट असलेच पाहिजे.

यापुढचा मुद्दा अधिक अवघड आहे आणि तो आपल्याच मंडळींना उद्देशून आहे. पाश्चात्त्य देशांत वृद्ध एकाकी पडतात, आपल्याकडे कुटुंबव्यवस्था अबाधित आहे, असे आपण भाषणांतून सांगतो. आपली कुटुंबव्यवस्था ही ठेव आहे यात शंका नाही. आजही बहुसंख्य वृद्धांना जो आधार आहे तो कुटुंबाचाच. परंतु ठेव आहे म्हणून ती मोजायची नाही काय? आई-वडिलांच्या चरितार्थासाठी २००७ साली संसदेला कायदा करावा लागला, ही गोष्ट आपल्या भाषणांशी जुळत नाही. आणि बहुतेक घरांत दुष्टावा नसतोच. असतो तो अभाव, कामाची घाई आणि लक्ष नसणे. सून सकाळी सातला रोवणीला जाते, तिचे स्वतःचेच अंग हिमोग्लोबिनअभावी पांढरे पडलेले असते. तिला दोष देऊन काय साधणार? अशा घराला उपदेश नको, हातभार हवा. कुटुंबाचा गौरव करणाऱ्या समाजाने कुटुंबाच्या खांद्यावरील ओझ्यालाही हात लावला पाहिजे.

सरकारचे काम, समाजाचे काम

महाराष्ट्रात निराधार वृद्धांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहेत. २०२३ मध्ये या योजनांतील रक्कम दरमहा एक हजारावरून पंधराशे रुपये करण्यात आली. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत दोनशे रुपये आणि ८० नंतर पाचशे रुपये आहे. दोनशेचा हा आकडा दीड दशकाहून अधिक काळ जागचा हललेला नाही. मधल्या काळात तूरडाळीचा भाव कोठून कोठे गेला हे सांगण्याची गरज नाही. केंद्रात कोणत्याही विचाराचे सरकार असो, हा आकडा वाढविण्याची मागणी करणे हे आपले कर्तव्य आहे.

योजनेला श्रावणबाळाचे नाव देताना त्या कथेचा आरंभ तरी आठवावा. श्रावण आई-वडिलांना कावडीत घेऊन निघाला होता आणि त्यांना तहान लागली म्हणून पाण्याला गेला होता. त्यांना काय हवे ते त्याने विचारले, आणि ते स्वतः जाऊन आणले. आज पंधराशे रुपये बँकेत येतात; पण बँक दहा-पंधरा किलोमीटरवर, जाण्यायेण्याचे भाडे वेगळे, आणि आयुष्यभर रोवणी-कापणी करून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला ओळखू येत नाहीत. रेशन दुकानातही हाच प्रसंग. देशाचे पोट भरताना झिजलेल्या बोटांनाच ओळख नाकारली जावी, यापेक्षा मोठा उपरोध कोणता?

शिजवलेले अन्न वृद्धांपर्यंत पोहोचविणे अशक्य नाही. तामिळनाडूने शाळकरी मुलांच्या मध्यान्ह भोजनात १९८३ पासून वृद्ध निवृत्तिवेतनधारकांनाही सामावून घेतले. अमेरिकेसारख्या व्यक्तिवादी म्हणविल्या जाणाऱ्या देशात वृद्धांच्या सामुदायिक भोजनाला १९७२ पासून सरकारी आधार आहे. आपल्याकडे अंगणवाडीची चूल, शाळेचे स्वयंपाकघर आणि बचत गटांच्या भगिनी गावोगावी उपलब्ध आहेत. महाराष्ट्राने २०१५ पासून अमृत आहार योजनेतून वनवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस आहार देण्यास आरंभ केला. त्याच चुलीवर गावातील दहा-पंधरा निराधार वृद्धांचे अन्न शिजविणे, हा काही अवाढव्य खर्चाचा प्रकल्प नव्हे. वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी बांबू-तेंदूच्या उत्पन्नातील काही वाटा वृद्धांच्या ताटासाठी राखून ठेवावा. मामा तलावातील मासेमारी गावाच्या हाती असेल तर पहिली मासळी निराधाराच्या घरी जावी, असा नियम गाव स्वतः करू शकते.

प्रार्थनेनंतरची वाटी

सरकारने करावयाचे ते सरकारने करावे. परंतु कार्यकर्त्याचा स्वभाव सरकारची वाट पाहत बसण्याचा नसतो. चिमूर परिसर ही राष्ट्रसंतांची तपोभूमी. गोंदोड्याचे नाव घेताच हात आपोआप जोडले जातात. १९५५ च्या ग्रामगीतेत त्यांनी देव, धर्म आणि भक्ती यांच्या बरोबरीने गावाची स्वच्छता, आरोग्य आणि आहार यांना स्थान दिले. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला आजही विदर्भातील खेड्यांत सायंकाळी माणसे जमतात, आणि त्यात वृद्धच अधिक असतात. म्हणजे ज्यांना शोधायचे आहे ते रोज एका जागी, एका वेळी आपल्या समोर येऊन बसतात. आपण त्यांना फक्त न्याहाळले पाहिजे.

यासाठी काही सोप्या गोष्टी करता येतील.

पहिली, मापाची. गावातील दोन तरुणांनी तीन महिन्यांतून एकदा, प्रार्थनेच्या दिवशी, साठीवरील प्रत्येकाचे वजन करावे, पिंढरी मोजावी, सहा प्रश्न विचारावेत आणि एका वहीत लिहावे. ज्यांचे माप घटते आहे त्यांची नावे आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला कळवावीत. वही गावाची असावी आणि माहिती गावाबाहेर मिरवू नये.

दुसरी, वाटीची. प्रार्थना संपली की डाळ अधिक आणि तांदूळ कमी अशी मऊ खिचडी, वर थोडे जवसाचे वा शेंगदाण्याचे कूट, एवढी एक वाटी प्रत्येक वृद्धाच्या हातात द्यावी. घरोघरी रोज मूठभर धान्य वेगळे काढण्याची रीत आपल्याला नवी नाही; या वेळी ती मूठ तांदळाऐवजी डाळीची असावी. जो येऊ शकत नाही त्याच्या घरी वाटी जावी, आणि ती घेऊन जाणारे मूल त्याच्यापाशी चार घास होईपर्यंत बसावे. एकट्याला न उतरणारा घास सोबतीने उतरतो.

तिसरी, सोबत नेण्याची. कवळी, मोतीबिंदू, क्षयाची तपासणी, निवृत्तिवेतनाचा अर्ज, बोटांचे ठसे न जुळल्यास करावयाची तक्रार, या पाच कामांसाठी वृद्धाला हाताला धरून तालुक्याला नेणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असावा. या सेवेला फलक लागत नाही, छायाचित्रही लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, अन्नदान तर आपण करतोच. करतो खरे. चिमूरच्या बालाजीच्या घोडायात्रेला लोटणारा जनसागर आणि ठिकठिकाणी वाढला जाणारा प्रसाद पाहून मन भरून येते. गावोगावच्या सप्ताहांच्या सांगतेला हजारो पाने उठतात. ही परंपरा टिकलीच पाहिजे. पण शरीराला भूक वर्षातून ३६५ दिवस लागते आणि महाप्रसाद एक दिवस असतो. सप्ताहाच्या एका पंगतीच्या खर्चात गावातील निराधार वृद्धांची डाळ कित्येक महिने निघू शकेल. पुढील वर्षी सप्ताहाची वर्गणी गोळा करताना हा हिशेब समितीपुढे अवश्य मांडावा.

आज साठी-सत्तरीत असलेली ही पिढी १९७२ च्या दुष्काळात लहान वा तरुण होती. तिने सुकडी खाल्ली, मिलोची लाल भाकरी खाल्ली, रोजगार हमीवर खडी फोडली आणि आपल्याला शाळेत पाठविले. तिने आपल्या ताटातले काढून आपल्या ताटात वाढले. पितृऋण हा शब्द आपण श्राद्धाच्या दिवशी उच्चारतो, कावळ्याला घास ठेवतो आणि तो शिवेपर्यंत ताटकळत उभे राहतो. तेवढा वेळ आई-वडील हयात असताना त्यांच्या पानापाशी थांबलो, तर ते काय जेवले आणि काय टाकले, हे आपल्याला कळेल.

प्राध्यापक भणसाळी यांनी चिमूरसाठी ६३ दिवस अन्न सोडले. आपल्याला कोणी उपाशी राहण्यास सांगत नाही. येत्या रविवारी एक शिंप्याची फीत आणि एक वजनकाटा घेऊन आधी आपल्या घरातील आणि मग आपल्या वस्तीतील वृद्धांपाशी बसावे, एवढेच मागणे आहे.